महाराष्ट्राच्या 48 खासदारांना खुलं पत्र: म्यानमार सीमेवरच्या कुंपणाबद्दल कुणीतरी बोला

महाराष्ट्रातल्या सगळ्या लोकसभा खासदारांना, पक्ष कुठलाही असो,

सप्रेम नमस्कार.

मी कागल तालुक्यातली, बँकेतून रिटायर झालेली बाई. राजकारणातलं मला फार कळत नाही आणि पत्र वगैरे लिहायची सवय पण नाही, पण गेले कित्येक महिने एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. 2016 ते 2019 अशी तीन वर्षं मी मिझोरामला चंफाईमध्ये बदलीवर होते. आयझॉलहून निघालं की चंफाईला पोचेपर्यंत सगळा दिवस घाटातच जातो, आणि तिथून अजून अठ्ठावीसेक किलोमीटर पुढे गेलं की झोखॉथर लागतं. तिथे तिआउ नावाची नदी आहे. नदीच्या पलीकडे म्यानमार.

तुम्ही म्हणाल की मिझोरामचं पत्र आम्हाला कशाला, तिथल्या खासदाराला लिहा. तेच तर सांगायचंय. मिझोरामचा लोकसभेत एकच खासदार आहे. नागालँडचा एक. मणिपूरचे दोन, अरुणाचलचे दोन. म्हणजे ज्या चार राज्यांतून ही म्यानमारची सीमा जाते त्या चारही राज्यांचे मिळून सहा, आणि आपले एकट्या महाराष्ट्राचे 48. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखाच्या आत होती, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची अडतीस लाखाच्या वर. त्यामुळे ते लोक कितीही ओरडले तरी दिल्लीत आवाज पोचायला कुणीतरी मोठ्या राज्यातलं सोबत लागतं. म्हणून तुम्हाला लिहितेय, आणि मराठीत लिहितेय.

विषय असा आहे की भारत-म्यानमार सीमा 1643 किलोमीटरची आहे आणि ती पूर्ण कुंपण घालून बंद करायची असं केंद्र सरकारने 2024 च्या फेब्रुवारीत जाहीर केलं. त्याच आठवड्यात 'फ्री मूव्हमेंट रेजिम' पण रद्द करणार असं सांगितलं. ही काय भानगड ते आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत नसतं, मला पण तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. सीमेच्या दोन्ही बाजूला एकाच रक्ताची माणसं राहतात म्हणून स्वातंत्र्यानंतर लगेचच त्यांना व्हिसा-पासपोर्टशिवाय ठरावीक अंतरापर्यंत जा-ये करायची मुभा दिली होती. आधी 40 किलोमीटर होती, 2004 पासून 16 वर आणली. मी होते तेव्हा 16 चाच नियम होता. आता 2024 च्या शेवटी नवीन नियम आलेत, त्यात 10 किलोमीटर, आणि ते पण ठरवून दिलेल्या 43 ठिकाणांहूनच, सीमेवरच्या आसाम रायफल्स या दलाकडून पास काढून. 1643 किलोमीटरमध्ये 43 ठिकाणं म्हणजे सरासरी 38 किलोमीटरला एक, आणि हे किलोमीटर आपल्या कागल-कोल्हापूर रोडचे नाहीत, डोंगर चढून उतरायचे आहेत, ते पण पायी, पाठीवर टोपली.

मी ज्या घरात भाड्याने राहत होते त्या घरमालकीणबाईंना मी 'पी' म्हणायची, तिकडे मोठ्या बाईला आदराने तसं म्हणतात, पुरुषाला 'पू'. पीची सख्खी धाकटी बहीण पलीकडे खॉमॉईत दिलेली. खॉमॉई म्हणजे झोखॉथरच्या समोरच, इकडून हाक मारली तर तिकडे ऐकू जाईल इतकं समोर. डिसेंबरात नाताळच्या आधी पी मला घेऊन गेली होती. उन्हाळ्या-हिवाळ्यात तिआउला पाणी नसतं फारसं, गुडघ्याएवढं, आणि मी बघितलं की बायका धुणं धुतायत, अर्ध्या या काठावर अर्ध्या त्या काठावर, आणि गप्पा एकच चाललेल्या, एक पोरगं इकडच्या आईकडून साबण घेऊन तिकडच्या मावशीला नेऊन देतंय. त्या पोराला विचारलं असतं की दुसरा देश कुठे आहे तर त्याने मान वळवून कुठे बघितलं असतं? बहिणीने पीसाठी विणलेलं पुआन, म्हणजे तिकडच्या बायका कमरेला गुंडाळतात ते वस्त्र, काढून ठेवलेलं, पीने इकडून धुरावलेलं डुकराचं मटण नेलेलं, दोघी एका चुलीपाशी बसून दोन तास बोलल्या, मला एक अक्षर कळलं नाही पण काय बोलत असतील ते सगळं कळलं. मी माहेरी गेले की असंच असतं.

बँकेत पण हेच. खातं उघडायला बायका यायच्या आणि नातेवाइकांचा पत्ता सांगताना सहज नदीपलीकडचं गाव सांगून जायच्या. मी पेन थांबवून विचारायची, अहो हे तर म्यानमारमध्ये ना, तर त्या माझ्याकडे बघत राहायच्या. भाऊ आहे हो माझा, इतकंच उत्तर.

हे असं का झालं त्याला कारण आहे. 1826 मध्ये इंग्रज आणि बर्मा (म्हणजे आजचा म्यानमार) यांच्यात यांदाबोचा तह झाला, तेव्हापासून इंग्रजांनी तिकडे रेघा ओढायला सुरुवात केली, 1937 मध्ये बर्मा भारतापासून वेगळा केला, आणि 1967 मध्ये आपण आणि बर्माने सह्या करून तीच रेघ पक्की केली. मिझो, चिन, कुकी, नागा, सीमेच्या दोन्ही बाजूला राहणाऱ्या या जमातींपैकी कुणालाच कुणी विचारलं नाही. नागालँडच्या मोन जिल्ह्यात लोंग्वा नावाचं कोन्याक लोकांचं गाव आहे, तिथे तर सीमा गावाच्या प्रमुखाच्या, आंगच्या, घरातूनच जाते. टुरिस्ट लोक तिथे जाऊन एक पाय इकडे एक पाय तिकडे असा फोटो काढतात. पण त्या गावाला आता कुंपण घालायचं म्हणजे नेमकं कुठून घालणार हे कुणीतरी त्या आंगला आणि त्या गावाला समोर बसून सांगायला हवं की नाही?

आता थोडं आपल्याकडचं सांगते, कारण तुमच्यापैकी कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सिंधुदुर्ग या भागातल्यांना हे लगेच कळेल. माझं माहेर निपाणीजवळचं. म्हणजे कर्नाटकात. 1956 ला राज्यं झाली आणि आमच्या घराच्या मधून रेघ गेली, बाबा तिकडचे झाले, मी लग्न होऊन इकडची झाले. आपला तर रोटीबेटी व्यवहार आहे सगळा, आणि मधे ना कुंपण ना पासपोर्ट, एसटी पकडली की तासाभरात माहेर. तरीसुद्धा आपण 865 गावांसाठी इतकी वर्षं भांडतोय, सुप्रीम कोर्टात गेलोय, तुम्ही स्वतः त्यावर भाषणं केलीत. 2021 मध्ये कोविडच्या वेळी कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट असल्याशिवाय पलीकडे सोडत नव्हते. माझ्याकडे नव्हता. बाबा नाक्याच्या पलीकडे स्कूटरवर येऊन थांबलेले, मी अलीकडे, मधे बॅरिकेड आणि गाड्यांची लाईन. त्यांनी शेंगांची पिशवी एका ट्रकवाल्याकडे दिली, त्याने ती आणून मला दिली, आणि आम्ही फोनवर बोलत एकमेकांकडे बघत उभे. वय वर्षं ब्याऐंशी माझ्या बाबांचं तेव्हा. ते कारण खरं होतं, रोगच तसा होता, आणि काही दिवसांनी ते संपलं पण. पण त्या दिवशी घरी येताना मला सारखी पी आठवत होती. ते कुंपण झालं तर तिच्यासाठी तो नाका कधीच उठणार नाही.

मिझो लोकांचा अजून एक भाग पलीकडे आहे, तो म्हणजे रिहदिल. हा तलाव झोखॉथरपासून अगदी जवळ, पण म्यानमारच्या हद्दीत. तिकडे लहान पोरं पण सांगतात की मिझोरामचा सगळ्यात मोठा तलाव रिहदिल, आणि तो म्यानमारमध्ये आहे. आज मिझो लोक ख्रिश्चन आहेत, पण जुनी समजूत अशी की माणूस मेल्यावर त्याचा आत्मा रिहदिलवरून मृतांच्या गावाला, मिथीखुआला जातो. मी गेले होते तिथे, ओळखपत्र दाखवून दिवसभराची परवानगी मिळायची तेव्हा. पाणी एकदम शांत, चारी बाजूला भातशेती. पी काठावर उभी राहून थोडा वेळ काही बोलली नाही. पंढरपूर दुसऱ्या देशात गेलं आणि चंद्रभागेला जायला पास काढावा लागला तर आपल्याला कसं होईल तेवढंच मनात आणा.

2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर तीस हजारांहून जास्त लोक मिझोराममध्ये आले. केंद्राने राज्यांना कळवलं होतं की येऊ देऊ नका, परत पाठवा. मिझोरामने ऐकलं नाही. तिथल्या त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमचीच माणसं आहेत, आम्ही तोंड फिरवू शकत नाही. आणि हे नुसतं पत्रात नव्हतं, गावागावात चर्चने आणि यंग मिझो असोसिएशनच्या पोरांनी तांदूळ गोळा केले, बांबूची घरं बांधून दिली. पीच्या घरात, माझ्या त्या खोलीत, तिची बहीण, तिच्या दोन सुना आणि चार पोरं राहिली. 2023 च्या नोव्हेंबरात समोरच्या काठावर लढाई झाली तेव्हा एक-दोन दिवसांत पाच हजारांच्या आसपास माणसं ती नदी ओलांडून झोखॉथरला आली. गुडघ्याएवढ्या पाण्यातून, पोरं खांद्यावर घेऊन. त्या रात्री तिथे कुंपण असतं तर ती पाच हजार माणसं कुठे गेली असती? माझं सगळं पत्र बाजूला ठेवा, या एका प्रश्नाचं उत्तर मला कुणीतरी द्या.

आता जंगलाचं. तुमच्यातल्या काही जणांनी 2023 मध्ये स्वतः मत दिलंय म्हणून हे जरा नीट वाचा. त्या वर्षी वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात असं आहे की आंतरराष्ट्रीय सीमेपासून 100 किलोमीटरच्या आत राष्ट्रीय सुरक्षेचे रस्ते वगैरे लांबलचक प्रकल्प असतील तर त्या जमिनीला हा वन कायदा लागूच होणार नाही. त्याच्या आधी 2022 मध्ये सीमेपासून 100 किलोमीटरच्या आतल्या, संरक्षणासाठी महत्त्वाच्या हायवेंना पर्यावरण मंजुरीतून सूट मिळालीच होती. महाराष्ट्रात बसून 100 किलोमीटर म्हणजे थोडी पट्टी वाटते. पण मिझोरामच्या एका बाजूला बांगलादेश, दुसऱ्या बाजूला म्यानमार, आणि मधलं राज्य इतकं अरुंद की या 100 किलोमीटरमध्ये अख्खं राज्य बसतं. नागालँड, मणिपूरचं पण जवळपास तसंच. म्हणजे ज्या राज्यांमध्ये क्षेत्रफळाच्या मानाने खूप जास्त जंगल उरलंय तिथेच सुरक्षेचं काम म्हटलं की जंगल तोडायच्या आधी विचारायची गरज राहिली नाही. मिझोराम विधानसभेने त्या दुरुस्तीला विरोध करणारा ठराव ऑगस्ट 2023 मध्ये केला. त्याचं काय झालं तुम्हाला माहीत असेल, मला कुठे दिसलं नाही.

कुंपण म्हणजे नुसती तार नसते हो. सप्टेंबर 2024 मध्ये बातमी आली होती की कुंपण आणि रस्ते मिळून 31 हजार कोटींच्या कामाला तत्त्वतः मंजुरी मिळालीये. भागाकार केला तर किलोमीटरला जवळजवळ 19 कोटी. कुंपण म्हटलं की बाजूने गस्तीचा रस्ता आला, रस्त्यासाठी डोंगर कापणं आलं, कापलेली माती खाली दरीत ढकलणं आलं, दोन्ही बाजूचं रान साफ करणं आलं. आणि हे डोंगर आपल्या सह्याद्रीसारखे काळ्या कातळाचे नाहीत, वाळूचा दगड आणि शेल यांचे थर आहेत, पावसाळ्यात हाताने पण सुटतात. चंफाईला असताना रस्ता खचला म्हणून मी स्वतः दोन-दोन दिवस मधेच अडकलेय. 2022 च्या जूनमध्ये मणिपूरला नोने जिल्ह्यात तुपुलला रेल्वेच्या कामावर दरड आली आणि साठच्या आसपास माणसं गेली, त्यात टेरिटोरियल आर्मीचे जवान बरेच होते. 2024 च्या मे महिन्यात रेमल वादळाच्या पावसात आयझॉलजवळ दगडाची खाण कोसळली. आपण माळीण बघितलं, तळिये बघितलं, इर्शाळवाडी बघितली. कातळाच्या डोंगरात आपली ही गत, मग त्या भुसभुशीत डोंगरात दीड हजार किलोमीटर जेसीबी चालवायचा आणि त्याचा नीट अभ्यास पण करायचा नाही?

प्राण्यांचं एकच सांगते, कारण ते मी कानाने ऐकलंय. चंफाई जिल्ह्यात मुरलेन नॅशनल पार्क आहे, 100 चौरस किलोमीटरचं, म्यानमारमधल्या चिन टेकड्या तिथून जवळच. आम्ही ऑफिसचे चार जण पहाटे गेलो होतो, इतकं दाट की सूर्य वर आला तरी खाली अंधारच, आणि एकदम वरून आवाज सुरू झाला, एकाने सुरू केला, मग दुसरा, मग डोंगराच्या पलीकडून तिसरा, अंगावर काटा आला माझ्या. हुलॉक गिबन. मिझोत त्याला हौहुक म्हणतात, तो आवाजच तसा आहे. भारतात माकडं खूप आहेत पण बिनशेपटीचा वानर हा एवढाच. तो जमिनीवर उतरतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याचं सगळं आयुष्य झाडावरून झाडावर. फांद्यांना फांद्या लागलेल्या नसल्या की त्याच्यासाठी तिथे जग संपलं. आसामात जोरहाटजवळ होलोंगापार अभयारण्यातून इंग्रजांच्या काळापासून रेल्वेलाईन जाते, तेवढ्या एका लाईनमुळे तिथले गिबन दोन तुकड्यात अडकले, आता त्यांच्यासाठी वरून दोरीचे पूल बांधायची पाळी आलीये. ही एक रेल्वेलाईन. इथे कुंपण, रस्ता, साफ केलेली पट्टी, सगळं एकत्र. अरुणाचलात नमदाफा आहे, जवळजवळ दोन हजार चौरस किलोमीटर, आणि त्याला लागून म्यानमारमध्ये तसंच रान पुढे पसरलेलं. वाघ, ढगाळ बिबट्या, अस्वल यांच्यासाठी ते एकच जंगल आहे. मिझोरामचा राज्यप्राणी साझा, म्हणजे डोंगरकड्यावरची ती रानबकरी, ती पण याच कड्याकपारीतून अलीकडे पलीकडे फिरते. त्यांना 43 ठिकाणं कुणी समजावून सांगायची?

मी एकाच बाजूने लिहीत नाहीये. सरकारचं म्हणणं मला माहीत आहे. अमली पदार्थ येतात, शस्त्रं येतात, घुसखोरी होते. मणिपूरमध्ये 3 मे 2023 पासून मैतेई आणि कुकी लोकांमध्ये जे झालं त्यात दोन्हीकडची माणसं मेली, घरं जळाली, आणि तिथल्या मैतेई लोकांना मनापासून वाटतं की कुंपण पाहिजे. त्यांचं भय खोटं आहे असं मी म्हणणार नाही, ज्याचं घर जळलंय त्याला शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. आणि ड्रग्जचं तर मी चंफाईत डोळ्यांनी बघितलंय, आमच्या ब्रँचमधल्या एका शिपायाचा मुलगा हेरॉइनपायी गेला, तेवीस वर्षांचा, त्याच्या अंत्यविधीला मी होते. त्यामुळे ड्रग्ज अडवा, जरूर अडवा. पण पंजाबची सीमा बघा ना. तिथे कधीपासून कुंपण आहे, फ्लडलाईट आहेत, सपाट मैदान आहे, तरी आता ड्रोनने माल टाकतात. मिझोरामला माल येतो तो ट्रकने, गाड्यांच्या सीटखालून, पैसे खाऊन सोडणाऱ्या नाक्यांवरून. त्याला अडवायचं तर स्कॅनर द्या, पोलीस द्या, प्रामाणिक माणसं द्या, चंफाईत एक चांगलं व्यसनमुक्ती केंद्र द्या. 19 कोटीत, म्हणजे कुंपणाच्या एका किलोमीटरच्या पैशात, त्या शिपायाच्या मुलासारखी किती पोरं वाचली असती.

आणि सुरक्षेबद्दल एक गोष्ट, जी मला तिथल्या एका निवृत्त मास्तरांनी सांगितली. 1959 ला बांबूला फुलं आली, उंदीर वाढले, पीक गेलं, दुष्काळ पडला, दिल्लीने वेळेवर ऐकलं नाही, त्यातून 1966 चं बंड झालं, आणि त्या मार्चमध्ये आपल्याच विमानांनी आयझॉलवर बॉम्ब टाकले. मास्तर तेव्हा शाळेत होते, त्यांना ते आठवत होतं. वीस वर्षं गेली, 1986 ला करार झाला, आणि तेव्हापासून मिझोराम हे ईशान्येतलं सगळ्यात शांत राज्य आहे. ही शांतता कुठल्या तारेमुळे आलेली नाही, बोलण्यामुळे आली. आता त्याच मिझोरामच्या विधानसभेने 28 फेब्रुवारी 2024 ला आणि नागालँडच्या विधानसभेने दोनच दिवसांनी, 1 मार्चला, ठराव करून सांगितलं की कुंपण नको आणि जा-ये बंद करू नका. दोन राज्यांची निवडून आलेली सभागृहं बोलतायत. हे लोक देशाविरुद्ध बोलत नाहीयेत हो. झोखॉथरला मी 15 ऑगस्ट बघितलाय, शाळेतली पोरं कडक इस्त्रीचे कपडे घालून, आणि कार्यक्रम बघायला पलीकडचे मामा-मावशा नदी ओलांडून आलेले.

तर तुमच्याकडे माझं मागणं. आपलं राज्य त्या सीमेपासून हजार किलोमीटरहून लांब आहे, त्यामुळे तुम्ही बोललात तर मतासाठी बोलतायत असं कुणी म्हणू शकणार नाही. पुढच्या अधिवेशनात गृहमंत्र्यांना विचारा की कुंपण सीमेच्या रेघेवर येणार की आत सरकून, कारण बांगलादेश सीमेवर ते शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमेपासून, दीडशे यार्ड आत घातलं आणि कित्येकांची शेतं, घरं तारेच्या बाहेर राहिली, ते लोक आजही गेट कधी उघडेल याच्यावर जगतात. मणिपूरमधल्या सीमेवरच्या मोरे गावात 2013 मध्ये लोक याच भीतीने रस्त्यावर आले होते. तिआउसारखी नदीच सीमा असेल तिथे कुंपण आपल्या काठावर येणार, मग पाणी भरायला, मासे धरायला, धुणं धुवायला बायका कुठून उतरणार ते विचारा. पर्यावरण मंत्र्यांना विचारा की कायद्याने सूट दिली म्हणून अभ्यास करायलाच नको असं आहे का, आणि केला असेल तर तो सभागृहात ठेवा म्हणा, मुरलेन आणि नमदाफाच्या आसपासची आखणी नकाशासकट. आणि प्रत्येक गावात ग्रामपरिषदेसमोर, त्यांच्या भाषेत सुनावणी झाल्याशिवाय जेसीबी लागू नये एवढं तरी मान्य करून घ्या. हे सगळं विचारायला कुठल्याही पक्षाचा व्हिप आड येत नाही, प्रश्नोत्तराच्या तासाची एक चिठ्ठी लागते.

जमलं तर तुमच्यापैकी दोघा-चौघांनी जाऊन या. नाताळच्या आधी जा, तेव्हा नदी उथळ असते. कुणाला जायचं असेल तर पीला मी फोन करून ठेवते, तिने परवाच विचारलं, तुमच्याकडचं कुणी येणार आहे का बघायला. मी म्हटलं, विचारून सांगते.

आपली,
कोल्हापूर मतदारसंघातली एक मतदार